ड्रायव्हरकाकांनी बुडवलेली बोट

आमच्या कॉलनीत त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत, आणि त्यांना सायकलीखेरीज काहीही चालवता येत नव्हतं. घोटाळा पेंटरचा. काका नौदलात डायव्हर होते, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून जहाजाच्या बुडाखाली उतरणारे. निवृत्त होऊन नाशिक रोडला आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा त्यांनी दारावर लावायला पाटी रंगवून घेतली. नावाखाली ‘डायव्हर (निवृत्त)’ असं लिहायचं होतं. पेंटरला वाटलं, एवढ्या वयाच्या माणसाला साधं शुद्धलेखन येत नाही. त्याने आपल्या पदरचा एक ‘र’ घातला. काका पाटी वाचून म्हणाले, “अक्षर मात्र वळणदार आहे.” पाटी शेवटपर्यंत तशीच राहिली.

लग्नसराईत कुणी ना कुणी त्यांच्या दारात यायचंच. “काका, वऱ्हाडाच्या ट्रकचा ड्रायव्हर ऐन वेळी आजारी पडलाय, येता का?” काका शांतपणे म्हणायचे, “ट्रक विहिरीत पडला तर कळवा. बाहेर काढून देईन.” माणूस ‘अभद्र बोलतो’ म्हणून पुटपुटत निघून जायचा आणि काकांना कळायचंच नाही की आपण काय वाईट बोललो. ते खरोखरच मदत करायला तयार होते.

पाण्याखाली बोलता येत नाही, तिथे सगळा कारभार हातवाऱ्यांवर. ती सवय काकांनी जमिनीवरही ठेवली होती. भाजी आवडली की ते अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करून दाखवायचे. काकू वैतागायच्या, त्याही अहिराणीत. “देवानं तोंड दिलं शे ना? का ते बी टाकीसंगं जमा करी उनात?” अंगठा वर केला तर त्याचा पाण्याखालचा अर्थ ‘वर चला’. एकदा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीवरच्या टाकीचं काम झालं या आनंदात काकांना लांबूनच अंगठा दाखवू लागले. काका गंभीर झाले. म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे. मला इतक्यात वर जायचं नाही.”

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. उतरताना काका भराभर उतरायचे, चढताना मात्र प्रत्येक वळणावर थांबायचे आणि आजूबाजूला बघत उभे राहायचे. मागे भाजीची पिशवी घेतलेल्या बायकांची रांग लागायची. कुणी घाई केली की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, “खाली जायला अक्कल लागत नाही. ती वर येताना लागते.” आम्हाला वाटायचं, हा म्हाताऱ्याचा तऱ्हेवाईकपणा. खरं कारण मला खूप नंतर काकूंनी सांगितलं. तरुणपणी खोल पाण्यात सोबत्याला भोवळ आली, त्याला घेऊन काका एका दमात वर आले होते. तो वाचला. पण इतक्या घाईने वर आल्यामुळे काकांच्या रक्तात हवेचे बुडबुडे झाले आणि दोन्ही गुडघे कायमचे दुखरे झाले. काकांच्या तोंडून ही गोष्ट मी एकदाही ऐकली नाही.

तो सोबती म्हणजे काकूंचा थोरला भाऊ. म्हणूनच मालवणकडच्या माणसाला बागलाणातली, सटाण्याकडची बायको मिळाली. भावाचा जीव वाचवला म्हणून काकूंनी लग्नाला हो म्हटलं, पण एक अट घातली. खिडकीतून समुद्र दिसेल अशा घरात त्या राहणार नव्हत्या. काकांना समुद्रापासून फार लांब जायचं नव्हतं. मग दोघांनी मिळून मधलं ठिकाण निवडलं ते नाशिक. “समुद्रही नाही आणि सटाणाही नाही,” काका म्हणायचे. “दोघेही सारखेच नाराज. संसार असाच टिकतो.”

ते सकाळी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि संध्याकाळी आमच्या गॅलरीत बसून माझ्या वडिलांबरोबर चहा प्यायचे. वडील सरकारी प्रेसमध्ये नोकरीला होते. मी नुकतीच शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते, त्यामुळे काका मला ‘टीचर’ म्हणायचे, तेही अहोजाहो करून. त्या चहाबरोबर एक गोष्ट ठरलेली असायची, बुडालेल्या जहाजाची. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना किनाऱ्यापासून आत बुडालेलं एक जुनं मालवाहू जहाज तपासायला पाठवलं होतं. लोखंड काढण्याजोगं आहे का, एवढंच बघायचं होतं. काका खाली गेले तर जहाज भरलेलं. भोवती मैलभर नुसती वाळू, आणि जहाजात मात्र पाय ठेवायला जागा नाही. कठड्यावर शिंपले, मालाच्या कोठारात तांबोशी माशांचे थवे, आणि कप्तानाच्या खोलीत एक भला मोठा हेकरू मासा, दार अडवून बसलेला. “मी सलाम केला त्याला,” काका म्हणायचे. “रँक मोठी वाटली.” आणि मग म्हणायचे, “टीचर, बुडालेलं जहाज मेलेलं नसतं. त्याची फक्त बदली झालेली असते.”

ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की हेकरू दारात आला की माझी आई उठून भाकरी टाकायला जायची.

निवृत्तीनंतरही काकांची पाण्यातली कामं अधूनमधून चालू असत. कुठल्या धरणाचा दरवाजा अडकला, जाळीत ओंडका बसला, की त्यांना बोलावणं यायचं. त्यासाठी टाकीत हवा भरून आणायला मुंबईला जावं लागे. एकदा परतताना मी त्यांच्याबरोबर एसटीत होते. कंडक्टरने टाकी बघितली. “गॅस चालणार नाही.”

“गॅस नाही. हवा आहे.”

“कसली हवा?”

“साधी. तुम्ही घेताय तीच.”

“मुंबईहून हवा आणली? नाशकात हवा नाही का?”

सगळी गाडी हसली. काकांनी त्याला दाबाचं गणित कसाऱ्यापर्यंत समजावून सांगितलं. घाट चढल्यावर कंडक्टरने टाकीचं अर्धं तिकीट फाडलं.

अशाच एका कामासाठी काका पेठच्या बाजूच्या एका लहान धरणावर गेले आणि तिथे त्यांना ती बोट दिसली. धरण बांधताना वापरलेली लोखंडी लाँच, लहानशा खोलीएवढ्या केबिनची, काठावर गंजत पडलेली. भंगारवाले तिथवर येत नव्हते, कारण रस्ता नव्हता. धरणावरच्या तरुण साहेबांना ती डोळ्यांसमोरून हलवायची होती. आणि काठावरच्या वाडीतले मासेमार सांगत होते की धरणात बीज सोडतो, पण मासळी टिकत नाही. तळ नुसता सपाट. झाडं तर पाणी भरण्याआधीच तोडून नेलेली. माशाला आडोसा नाही.

काकांच्या डोक्यात काय शिजलं असेल ते सांगायला नको. संध्याकाळी चहाला आले ते बसलेच नाहीत. “हेकरू नसेल,” उभ्याउभ्याच म्हणाले, “पण कुणीतरी राहायला येईलच की!”

साहेबांना पटवायला चार महिने लागले. त्यांची अडचण एकच होती. कागदावर ‘विल्हेवाट कशी लावली’ या रकान्यात काय लिहायचं? काका म्हणाले, “बदली लिहा.” शेवटी ‘मत्स्यनिवासार्थ जलाशयात स्थापित’ असं माझ्या वडिलांनी सुचवलं, आणि एवढी भारदस्त भाषा पाहून वरच्यांनी सही केली.

मासेमारांच्या सोसायटीचे प्रमुख होते धोंडूदादा. किडकिडीत, तोंडात कायम काडी. ते म्हणाले, “बोट बुडली का मानसं रडत्यात. तुमी तर नारळ आनलाय!”

काका मात्र कामाला भिडले. सलग पाच रविवार त्यांनी बोट घासली. इंजिन काढायला लावलं, तेलाचा थेंबन् थेंब पुसून घेतला, दारं काढली, काचा काढल्या. आत शिरलेल्याला बाहेर पडायला दोन वाटा हव्यात, मग तो मासा असो की माणूस. बुडवण्याच्या दिवशी मी, वडील, साहेब आणि सगळी वाडी काठावर होती. जुन्या नदीपात्रावर, जिथे उन्हाळ्यातही पाणी खोल राहतं, तिथे बोट ओढून नेली. नारळ फुटला. बुडाची भोकं उघडली. बोट थोडी वाकली आणि थांबली. अर्धा तास झाला, तास झाला, तिचं नाक काही खाली जाईना.

“सरकारी हाय,” धोंडूदादा म्हणाले. “वरून आर्डर आल्याबिगर नाय बुडायची.”

शेवटी सगळे झाडाखाली भाकरी खायला बसले. काका तेवढे पाण्याकडे तोंड करून उभे. काकूंनी दिलेला डबा मी त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, “एक घास तरी खा.” ते माझ्याकडे वळले, मिरचीचा तुकडा उचलला, आणि मागे फस्स असा आवाज झाला. वळून पाहिलं तर नुसती वर्तुळं. इतक्या महिन्यांच्या खटपटीनंतर ज्या माणसाने ते बघायला हवं होतं तोच एकटा मिरची बघत होता. पुढचा आठवडाभर काका माझ्याशी जरा तुटकच वागले.

खरा प्रश्न पुढे आला. पहिल्या दोन महिन्यांत मासळी वाढली नाहीच, उलट वाडीतली तीन जाळी बोटीत अडकून फाटली. धोंडूदादा थेट कॉलनीत आले. चहा घेतला नाही. दारातच उभे राहून म्हणाले, “ड्रायव्हरसाहेब, तुमची बोट मासं देती म्हनला व्हता. ती तर जाळी खाती. एक जाळं विनायला बाईमानसाचा अख्खा पावसाळा जातो. आमी करायचं काय?”

काकांनी वाद घातला नाही. “चूक झाली,” म्हणाले. “निशाणी लावायला हवी होती.” पुढच्याच रविवारी त्यांनी लाल रंगाचं पिंप बोटीच्या वर तरंगत बांधलं आणि जाळी सोडवायला सुरुवात केली. त्यानंतर दर रविवारी तेच. गुडघे सुजायचे. काकू मिठाच्या पाण्याने शेकत शेकत बोलायच्या, “तठे काय शे एवढं? कोन बसेल शे तुमनी वाट पाहत?”

“येतायत,” काका सांगायचे. “केबिनमध्ये वाम आहे, हातभर लांब. मी पाहिली.”

वाडीत यावर कुणाचाही विश्वास नव्हता. गढूळ पाण्यात म्हाताऱ्याला दोरी दिसली असेल, असं साहेबही म्हणाले. तेव्हा काका एके दिवशी मला म्हणाले, “टीचर, मी एकट्याने सांगितलं की ती गोष्ट होते. दोघांनी सांगितलं तर पुरावा. तुम्ही विज्ञानवाल्या. याल?”

मला पोहता येत होतं ते गुडघाभर पाण्यात. आईने स्पष्ट नाही म्हटलं. वडील बुद्धविहारातून घरी आले, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “माझ्या आज्याला तळ्याला हात लावू देत नव्हते. तू तळ्याच्या तळाला हात लावून ये.”

पूर्ण उन्हाळा काकांनी मला पालिकेच्या तरणतलावावर बायकांच्या वेळेत शिकवलं. ते स्वतः कुंपणाबाहेर उभे राहून ओरडायचे, कारण त्या वेळेत पुरुषांना आत मज्जाव. आईने जाड मांजरपाटाचा पूर्ण बाह्यांचा पोशाख शिवून दिला होता. त्यात हवा भरायची आणि मी बुडायचेच नाही. “तुम्ही आणि ती लाँच,” बाहेरून आवाज यायचा, “एकाच खात्यातल्या!” नंतर त्यांनी तोंडात नळी धरून श्वास घ्यायला शिकवलं. सगळ्यात जास्त दिवस कशावर घालवले असतील, तर एकाच नळीवर दोघांनी आळीपाळीने श्वास घेण्यावर. त्यासाठी काठावर माझ्यासोबत शाळेतल्या पीटीच्या बाईंना बसवलं होतं. “दोन घ्या, द्या. दोन घ्या, द्या. हावरटपणा नको.”

पावसाळा सरून पाणी निवळल्यावर, पाठीला एकेक टाकी बांधून आम्ही उतरलो. खाली निळंबिळं काही नसतं. हिरवं, मग गडद हिरवं, मग आपलाच हात जेमतेम दिसतो. थंडी हाडात शिरते. काकांनी माझं मनगट धरलं होतं. अचानक समोर लोखंडाची भिंत आली, शेवाळलेली, मऊ. तिच्या कडेने आम्ही केबिनपर्यंत गेलो. काकांनी विजेरी आत धरली आणि मी श्वास घ्यायला विसरले. मिशांचे शिंगाळे ओळीने, वर्गात बसल्यासारखे. छताखाली बोटाएवढी असंख्य पिल्लं. आणि कोपऱ्यातल्या पाइपातून तोंड काढून बघणारी वाम, अगदी दोरीसारखीच, पण डोळे असलेली. एक कटला मासा आमच्यामधून असा गेला, जणू आम्हीच त्याच्या वाटेत उभे होतो.

मला आणखी बघायचं होतं. काकांनी वळायची खूण केली, ती मी पाहूनही पाहिली नाही आणि बोटीच्या मागच्या बाजूला सरकले. पाठीमागून कुणीतरी धरलं. जुनं जाळं टाकीच्या तोटीत अडकलं होतं. मी झटका दिला, ते आणखी आवळलं. घाबरून भराभर श्वास घेऊ लागले, आणि थोड्याच वेळात नळीतून हवा जड येऊ लागली. मग येईनाशी झाली.

काका समोर आले. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला, स्वतःच्या तोंडातली नळी काढून माझ्या तोंडात दिली आणि दोन बोटं दाखवली. दोन घेतले. परत दिली. त्यांनी दोन घेतले. आणि एका हाताने सुरीने ते जाळं एकेक गाठ कापत राहिले, जणू काकूंना भाजी चिरून देत होते. सुटल्याबरोबर मला उसळी मारून वर जायचं होतं. त्यांनी माझा पट्टा धरून ठेवला. वर उजेड दिसत होता आणि हा माणूस मला थांबवत होता. दोन घ्या, द्या. बुडबुड्यांपेक्षाही हळू आम्ही वर आलो.

काठावर मला रडू कोसळलं. काका बाजूला बसून शांतपणे पायातले रबरी पंख काढत होते. म्हणजे मला तसं वाटलं. नीट पाहिलं तेव्हा कळलं, मघापासून ते पट्ट्याच्या एकाच बक्कलशी झटत होते आणि ते त्यांना सुटत नव्हतं. मी ते सोडवलं.

“काकूंना नको सांगायला,” ते म्हणाले.

धोंडूदादा धावत आले. “काय दिसलं, बाई?”

मी नाक पुसत सगळं सांगितलं. वाम, शिंगाळे, पिल्लं. त्यांनी तोंडातली काडी काढली. “पिल्लं पाह्यली? तुमच्या डोळ्यानं?” मग वाडीकडे वळून ओरडले, “ए, त्या पिंपाच्या आसपास कुनी जाळं टाकायचं नाय! घरात पोरं हायेत!”

वर्षभरात कडेकडेने गळ टाकणाऱ्यांना बरी मासळी मिळू लागली. फार नाही, पण वाडीतले लोक पिंपाचा रंग उडाला की स्वतःच लावू लागले, आणि काकांच्या मते यापेक्षा मोठी पावती सरकारही देत नाही.

आणखी काही वर्षांनी काकांचे गुडघे पूर्ण थकले. जिना चढणं अशक्य झालं, तेव्हा त्यांनी काकूंच्या भावाच्या गावी, सटाण्याच्या पुढे जायचं ठरवलं. जिथे मार्चनंतर नदीतही पाणी नसतं. ट्रक भरला, काकू आईच्या गळ्यात पडून रडल्या, आणि निघता निघता काकांनी मला एक जाडजूड वही दिली. त्यांनी मारलेल्या प्रत्येक बुडीची नोंद. “वाचायला कंटाळवाणी आहे,” म्हणाले. “पण टाकवत नाही.” पुढे दोन उन्हाळ्यांनी त्यांच्या निधनाचं पत्र आलं, काकूंच्या भावाच्या हातचं.

वही मी त्या दिवशी उघडली. बंदरं, खोली, वेळ, पाण्याचा रंग, सगळं एका शाईत, एका वळणाचं. शेवटची नोंद आमच्या धरणाची होती. त्यानंतर ते पुन्हा उतरलेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं. लिहिलं होतं: ‘सोबत टीचर. पाणी हिरवट. मासळी भरपूर. जाळ्यात अडकण्याचा प्रसंग. टीचर हुशार, श्वास वाटून घेतला. चूक माझी.’

वळायची खूण मी पाळली नव्हती. इतकी वर्षं मी ते मनात लपवून ठेवलं होतं, आणि त्यांनी ते त्याच दिवशी आपल्या नावावर लिहून टाकलं होतं.

पुढे एकदा प्रयोगशाळेत एका मुलीच्या हातावर आम्ल सांडलं. मी नको सांगितलेलं असताना तिने बाटली उचलली होती. हात वेळेवर धुतला, फारसं काही झालं नाही, पण अहवाल द्यावा लागला. मुख्याध्यापिकांनी तो वाचला, चष्मा काढला.

“‘चूक माझी’? अहो, मुलीने ऐकलं नाही असं लिहा ना. असं कुणी लिहितं का?”

“आमच्याकडे लिहितात,” मी म्हटलं.